कापसावरचे मूग दर वेळी कुजतात? आधी पाणी बघा

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. मुलाला हौसेनं ग्लासात कापूस घालून मूग लावून दिले. दुसऱ्या दिवशी दाणे टम्म फुगले, घरभर कौतुक झालं. तिसऱ्या दिवशी तळाचं पाणी गढूळ. चौथ्या दिवशी आंबूस वास आणि कापसावर राखाडी केसांचं जावळ. पाचव्या दिवशी ग्लास मोरीत आणि मूल हिरमुसलेलं. मग नवा कापूस, नवे मूग आणि पुन्हा तेच रामायण.

माझ्या पाच वर्षांच्या भाच्याबरोबर मी हे लागोपाठ तीनदा केलं. जुलै महिना, दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत अशी हवा. पहिल्यांदा मी पावसाळ्याला बोल लावला, दुसऱ्यांदा मुगाला, तिसऱ्यांदा कापसाला. तिसरा ग्लास नाक मुरडत धुताना ओट्याच्या पलीकडच्या टोकाकडे लक्ष गेलं. तिथे आईनं फडक्यात बांधलेली मटकी होती. ओटा तोच, हवा तीच, पाणीही त्याच नळाचं. बोटभर मोड, वास नाही, बुरशी नाही. आई दर आठवड्याला मोड आणते, पावसाळ्यातसुद्धा, आणि तिची मटकी कुजलेली मला आठवत नाही. आणि वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली मी चार मूग जगवू शकत नव्हते.

मग मी आईचे हात नीट पाहिले. रात्री मटकी भिजत घालते. सकाळी ते पाणी फेकून देते, वापरत नाही. दोनदा खळखळून धुते, रोळीत निथळत ठेवते आणि मगच ओल्या फडक्यात बांधते. म्हणजे दाणे ओले असतात, पण पाण्यात नसतात. सगळी गोम या एवढ्याशा फरकात आहे.

कुजतं ते बुरशीमुळे नाही, गुदमरल्यामुळे

कोरडा दाणा जवळजवळ झोपेत असतो, श्वास अगदी नावापुरता. पाणी प्यायला की तो जागा होतो आणि जोरात श्वास घेऊ लागतो. त्याच्या पोटातल्या दोन डाळिंब्यांमध्ये साठवलेलं अन्न फोडून वापरायला त्याला प्राणवायू लागतो. हा प्राणवायू पाण्यातून हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट सावकाश सरकतो. चिंब कापसाच्या तळाशी बसलेल्या मुगाला तो पुरतच नाही. दाणा आतल्या आत आंबतो, मरतो, त्यातली साखर पाण्यात झिरपते आणि पाणी गढूळ होतं. जिवाणू आणि बुरशी त्या मेजवानीला नंतर येतात. म्हणून बुरशीवर औषध शोधत बसण्यात अर्थ नाही. ती आली तेव्हा आपले मूग आधीच गेलेले असतात.

पहिलं भिजवणीचं पाणी आई का फेकते, त्याचंही उत्तर इथेच आहे. दाणा फुगताना, अगदी निरोगी असला तरी, थोडी साखर बाहेर सोडतो. तेच पाणी ग्लासात ओतलं तर बुरशीसाठी सरबत करून ठेवल्यासारखं होतं. फुटके, भोकं पडलेले दाणे तर जास्तच गळतात. ते आधीच निवडून काढा. हे काम मुलांना फार आवडतं. भाच्यानं वाटीभर मुगातून फुटके दाणे वेचायला पाऊण तास घेतला आणि तो पाऊण तास घरात शांतता होती.

कापूस सोडा, कागद घ्या

कापसावर माझा राग नाही, पण मुलांच्या हातात तो बेभरवशाचा आहे. देवाच्या वातींचा कापूस घेतला तर वेगळीच गंमत होते: त्यावर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे तो भिजतच नाही. वर पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे, खाली मूग कोरडे, मग आपण आणखी पाणी ओततो. औषधाच्या दुकानातला पांढरा कापूस धुऊन मेण काढलेला असतो. तो झटकन पितो आणि पीतच बसतो. वरून तो फक्त दमट दिसतो, खाली तळं साचलेलं असतं. मुलालाच काय, आपल्यालाही ते कळत नाही.

मी आता असं करते. उभट काचेचा ग्लास. आतल्या बाजूने टिश्यू पेपरची दुहेरी-तिहेरी पट्टी गोल फिरवायची. मध्ये चुरगळलेला कागद कोंबायचा, म्हणजे पट्टी काचेला घट्ट चिकटून राहते. रात्रभर, म्हणजे ८ ते १० तास, भिजवून धुतलेले मूग काच आणि कागद यांच्या फटीत खोचायचे, ग्लासाच्या मध्यावर, दोन दाण्यांत बोटभर अंतर ठेवून. तळाशी पाणी फक्त १ सेंटिमीटर. कागद ते पाणी वर ओढून घेतो, समईतली वात तेल ओढते तसं. दाणे पाण्यापासून चार-पाच सेंटिमीटर वर, एका बाजूने ओल, दुसऱ्या बाजूने हवा. शिवाय सगळं काचेतून दिसतं. मोड आले का ते बघायला कापूस उचकटावा लागत नाही.

पाणी किती, याची एक खूण भाच्याला शिकवली. कागदावर बोट दाबायचं. बोट ओलसर चमकलं पण थेंब ओघळला नाही, तर बरोबर. बोटाभोवती पाणी जमलं तर जास्त. बोट कोरडंच राहिलं तर तळाशी एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली. तांब्या, फुलपात्रं, पिचकारी या गोष्टी त्या खोलीतून हद्दपार करा.

पावसाळ्यात ग्लासावर झाकण नको. एप्रिल-मेच्या झळांमध्ये कागद दुपारपर्यंत कडकडीत वाळतो, तेव्हा वर बशी तिरकी ठेवा. उन्हात मात्र ठेवू नका. बंद काचेत दाणे शिजतात.

आपल्याकडच्या शेतकऱ्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही. घरचं सोयाबीन पेरण्याआधी त्याची उगवण तपासायची असेल तर ओल्या गोणपाटावर १०० दाणे, दहा-दहाच्या दहा ओळींत, अंतर ठेवून मांडतात. वरून दुसरा ओला तुकडा टाकतात, गुंडाळी करतात आणि सावलीत ठेवून वर अधूनमधून पाणी शिंपडतात. सहा-सात दिवसांनी उलगडून मोजायचं. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरायला चांगलं. त्यातही पाणी शिंपडतात, गोणपाट बादलीत बुडवून ठेवत नाहीत. घरात हाच प्रयोग जुन्या सुती पंचाच्या तुकड्यावर दहा दाण्यांचा करा. पहिलीतल्या मुलाला दहापैकी किती, हे सहज मोजता येतं.

पण मुलाचा हात कोण धरणार?

खरी अडचण ही आहे. वर लिहिलेलं सगळं मला कळलं, भाच्याला नाही. मी आंघोळीला गेले की हा ग्लासात पाणी ओतून मोकळा. रागावले तर म्हणाला, "मावशी, त्यांना तहान लागलीय." यावर काय बोलणार? लहान मुलाला झाडाची काळजी घेणं म्हणजे पाणी घालणं एवढंच ठाऊक असतं, आणि तसं त्याला आपणच शिकवलेलं असतं.

मनाई करून उपयोग नाही. मी त्याला एक ग्लास बहाल केला: हा तुझा, यात हवं तेवढं पाणी ओत. शेजारी कागदाचा ग्लास, जिथे पाणी बोट दाबूनच. तिसरा ग्लास पूर्ण कोरडा. चौथा कागदाच्या ग्लासासारखाच, पण फ्रिजमध्ये. चारही ग्लासांत दहा-दहा मूग, एकाच डब्यातले, एकाच दिवशी. ग्लासांवर लिहायला त्याला अजून येत नाही, म्हणून त्याने चित्रं काढली: नदी, बोट (हाताचं), सूर्य आणि बर्फाचा गोळा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोटाच्या ग्लासात दहापैकी नऊ दाण्यांना मोड. नदीच्या ग्लासात दोन दाण्यांना जेमतेम टोक फुटलं आणि तिथेच थांबलं. बाकीचे नुसते फुगून पडले. फ्रिजमधले फुगलेले, पण ढिम्म. कोरडे होते तसेच. चौथ्या दिवशी नदीतून वास यायला लागला. त्याने लांबूनच वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि त्या दिवसापासून बोटाच्या ग्लासात एकदाही जादा पाणी घातलं नाही. मी तीन आठवडे ओरडून जे झालं नव्हतं ते त्या वासानं केलं.

इथे एक सावधगिरी हवीच. नदीचा ग्लास चार दिवसांपुढे ठेवू नका. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारे डास अंडी घालतात आणि अंड्यातून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, म्हणजे साचलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करा, असं सरकारी आरोग्य कर्मचारी सांगून जातात, तो नियम या ग्लासांनाही लागू आहे. आणि बुरशी आलेला ग्लास मुलाला नाकाशी नेऊ देऊ नका, दम्याचा त्रास असलेल्या मुलाला तर नाहीच. पिशवीत बांधून टाकून द्या.

बुडालेला दाणा गुदमरतो, याला एक अपवाद आहे, आणि तो मोठ्या मुलांना जरूर दाखवा: भात. तांदूळ नाही, टरफलासकटचं भात. ते पाण्याखालीही रुजतं. फक्त बुडालेल्या दाण्यातून आधी मूळ नाही, कोंब बाहेर येतो, लांबच लांब होतो आणि हवेच्या शोधात वर निघतो. मुगाच्या नेमकं उलट. कोकणात कुणी ओळखीचं असेल तर मूठभर भात मागून घ्या.

पांढरी लव दिसली म्हणजे बुरशीच, असं नाही

ही चूक मी स्वतः केली आहे. मोहरी लावली होती. तिसऱ्या दिवशी प्रत्येक मुळाभोवती पांढरं, मऊ, धुकट काहीतरी. मी चरफडत सगळी फेकली. ती मूलरोमं होती, मुळांची केसं, ज्यांनी रोप पाणी शोषतं. मोहरी आणि मुळा यांच्यावर ती इतकी दाट येतात की बुरशीच वाटते.

ओळखायचं कसं? स्प्रेच्या बाटलीने दोन फवारे मारा. मूलरोमं ओली झाली की मुळाला चिकटून दिसेनाशी होतात आणि वाळली की पुन्हा फुलतात. बुरशी भिजून चपटी होईल, पण तिचे धागे दिसतच राहतात. दुसरी खूण जागेची. मूलरोमं फक्त मुळावर, तीही टोकाच्या जरा मागे, बाटली धुवायच्या ब्रशसारखी गोल. टोक स्वच्छ, गुळगुळीत. बुरशी दाण्याच्या सालीवर सुरू होते, कागदावर पसरते, एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाते. पुढे तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढे काळे किंवा हिरवट ठिपके येतात. आणि वास. मूलरोमांना वास नसतो.

दहापैकी एखाद्याच दाण्यावर बुरशी असेल तर घाबरू नका. तो दाणा आणि त्याखालचा कागद चिमट्याने काढून टाका, बाकीचे बहुधा वाचतात.

कुजत नाही, पण उगवतही नाही

आधी दाणा कोणता ते बघा. डाळ उगवत नाही, मग ती सालीची असली तरी. दाण्याचा जीव, म्हणजे तो इवलासा अंकुर, दोन डाळिंब्यांच्या मध्ये एका टोकाला असतो. डाळ पाडताना तो तुटतो किंवा निखळून जातो. भिजवलेला राजमा किंवा पावटा नखाने उघडून मुलाला तो अंकुर दाखवा. घडी घातलेल्या दोन पानांसकट दिसतो. पॉलिशच्या तांदळाचंही तेच, गिरणीत अंकुर निघून जातो.

सगळे मूग उगवले आणि दोन-तीन दगडासारखे राहिले तर ते गणंग. उसळीत दाताखाली येतात तेच. ते मेलेले नसतात. त्यांची साल पाणी आत घेत नाही, एवढंच. असा एक गणंग पॉलिश पेपरवर एका बाजूने, डोळ्याच्या (दाणा शेंगेला चिकटलेला असतो त्या खुणेच्या) विरुद्ध अंगाला, हलकेच घासा आणि पुन्हा भिजवा. काही तासांत फुगतो. न घासलेला गणंग शेजारी तसाच बसून राहतो. माझ्या मते या सगळ्यांतला हा सर्वांत देखणा प्रयोग आहे आणि तो कुणी करत नाही.

राजमा खूप दिवसांचा, दुकानात वर्ष-दीड वर्ष पडलेला असला तर उगवणं नशिबावर. शिवाय तो सावकाश, पाच-सहा दिवस घेतो, आणि एवढ्या वेळात कुजायची भीती वाढते. लहान मुलांसाठी मूग, मटकी, चवळी बरी. धन्याला तर आठवडा-दहा दिवस लागतात. आणि तो दाणा म्हणजे दोन बिया चिकटलेलं फळ असतं, लाटण्याने हलकेच दाबून दोन करून लावायचं. पाच वर्षांच्या मुलाचा धीर तेवढा टिकत नाही.

ज्यांना अगदी हमखास हवं त्यांनी अळीव घ्यावा. लाडवाचाच. तो आधी भिजवायचा मात्र नाही. भिजला की त्याच्याभोवती बुळबुळीत गर तयार होतो आणि दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. ओल्या कागदावर कोरडाच भुरभुरवायचा. तो गर स्वतःच ओल धरून ठेवतो. दोन दिवसांत मोड आणि आठवड्याभरात हिरवळ.

कृषी केंद्रातून आणलेलं गुलाबी, निळं, हिरवं रंगवलेलं बियाणं मुलांच्या हातात देऊ नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. राजमा कच्चा विषारी असतो, प्रयोगातला तोंडात जाणार नाही हे बघा. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर वाटाणा-चवळी त्याच्या नाकापासून लांब ठेवा. नाकात गेलेला दाणा आत फुगतो आणि मग थेट डॉक्टर.

लांब, पिवळे, मान टाकलेले

हे कुजणं नव्हे, अंधार आहे. नवरात्रात देवघरात घट बसवतो तेव्हा पत्रावळीवरच्या मातीत पेरलेलं धान्य नऊ दिवसांत असंच उंच, पिवळसर येतं आणि दसऱ्याला आपण ते टोपीत, केसांत खोवतो. कोंब उजेड शोधत धावतो आणि हिरवा रंग तयार करण्यात वेळ घालवत नाही. (घटातसुद्धा मातीचा कलश पाझरून माती नुसती दमट ठेवतो. कुणी वरून तांब्या ओतत नाही.) मोड आले की ग्लास खिडकीशी न्या, दोन दिवसांत हिरवा होतो. एकाच बाजूने उजेड असेल तर तिकडे झुकेल. ग्लास फिरवून ठेवा आणि उद्या काय होतं ते मुलालाच विचारा.

दहा-बारा दिवसांनी हिरवी रोपं सुकायला लागली तर त्यांची शिदोरी संपली असं समजा. डाळिंब्या सुरकुतून गळाल्या, कागदात खाण्याजोगं काही नाही. पहिली दोन पानं नीट उघडली की कुंडीत हलवा. मुळं कागदात घुसलेली असतील तर ओढू नका, कागदासकट लावा. मातीतही पाणी बेतानंच. तिथे जास्त झालं तर रोप बुंध्याशी काळं-बारीक होऊन आडवं पडतं, शेतकरी त्याला रोप कोलमडणं म्हणतात. कुंडीला खाली भोक हवं आणि बशीत पाणी तुंबायला नको.

आमच्या चारांपैकी कोरडा ग्लास, सूर्याचं चित्र असलेला, टीव्हीच्या टेबलावर तसाच राहिला होता. आठव्या दिवशी भाच्याला आठवण झाली. "हे मेले ना?" मी म्हटलं, तूच बघ. त्याने रात्री भिजवले, सकाळी आजीसारखे दोनदा धुतले, रोळीत निथळवले आणि कागदात खोचले. दुसऱ्या दिवशी शाळेतून आला तो दप्तर न काढता आधी ग्लासाशी. दहाच्या दहा.